कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा : शंका वेळीच आली, तरच उपचार वेळेवर

नवी दिल्ली : हिवाळा आला की उत्तर भारतातून एकाच स्वरूपाच्या बातम्या येऊ लागतात. दारे-खिडक्या लावून, कोळशाची शेगडी खोलीत पेटती ठेवून झोपलेले कुटुंब सकाळी उठत नाही. मुंबई-पुण्याकडे हाच धोका न्हाणीघरातील गॅस गिझरमुळे उद्भवतो. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामन येथे केरळचे आठ पर्यटक हॉटेलच्या बंद खोलीत दगावले. त्यांत लहान मुलेही होती. त्या खोलीत गॅस हीटर सुरू होता.

कोळसा, लाकूड, रॉकेल, पेट्रोल किंवा स्वयंपाकाचा गॅस अपुऱ्या हवेत जळाला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वासही नाही. सिलिंडरमधील गॅसची गळती समजावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचा पदार्थ मिसळलेला असतो; परंतु गॅसबरोबर तोही जळून जातो. त्यामुळे ‘वास आला नाही, म्हणजे धोका नाही’ हा समज घातक ठरतो.

श्वासावाटे शरीरात गेलेला हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. प्राणवायूची जागा तो अडवतोच, शिवाय रक्तात उरलेला प्राणवायूही पेशींना सहजी मिळू देत नाही. याची पहिली झळ मेंदू आणि हृदयाला बसते. डोकेदुखी, चक्कर, मळमळ, थकवा ही आरंभीची लक्षणे अगदी साधी वाटतात. पुढे संभ्रम, छातीत दुखणे, झटके आणि बेशुद्धी येते. झोपेत असलेल्याला तर लक्षणांची जाणीवही होत नाही. एकाच घरातील अनेकांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, ताप नसला आणि बाहेर मोकळ्यावर गेल्यावर बरे वाटले, तर या विषबाधेची शंका घ्यावी.

अशा वेळी रुग्णाला तत्काळ मोकळ्या हवेत न्यावे आणि १०८ किंवा ११२ क्रमांकावर मदत मागवावी. वायूने भरलेल्या खोलीत शिरणाऱ्याने प्रथम स्वतःचा जीव सांभाळावा. श्वास थांबला असल्यास कृत्रिम श्वासोच्छ्वास व छातीदाब सुरू करावा.

रुग्णालयात मुख्य उपचार प्राणवायूचाच. साध्या हवेत रक्तातील या विषाचे प्रमाण निम्मे होण्यास चार ते पाच तास लागतात. मुखवट्यातून शंभर टक्के प्राणवायू दिल्यास सुमारे एक ते दीड तास पुरतो. वाढीव दाबाच्या कक्षात हा काळ अर्ध्या तासाच्या आसपास येतो. बेशुद्ध पडलेले रुग्ण, गर्भवती आणि हृदयावर परिणाम झालेले रुग्ण यांच्यासाठी या कक्षाचा विचार केला जातो. मात्र ही सोय मोजक्याच ठिकाणी आहे आणि तिच्या लाभाबाबत तज्ज्ञांमध्ये एकमत नाही. म्हणून तिची वाट पाहत प्राणवायू देणे लांबवू नये.

बोटाला लावायचा नेहमीचा ऑक्सिमीटर येथे फसवतो. विषाने व्यापलेले हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूयुक्तच भासते आणि आकडा उत्तम दिसतो. खरे निदान रक्ताच्या विशेष तपासणीनेच होते. त्यासाठी बंद खोलीत शेगडी, गिझर किंवा जनरेटर सुरू होता, ही माहिती नातेवाइकांनी डॉक्टरांना आवर्जून द्यावी.

बरा होऊन घरी परतलेल्या काही रुग्णांत काही दिवसांनी, तर कधी काही आठवड्यांनी विस्मरण, स्वभावातील बदल किंवा चालण्यातील अस्थिरता दिसते. त्यामुळे फेरतपासणी टाळू नये.

शेगडीजवळ पाण्याचे भांडे ठेवल्याने धोका टळत नाही. हा वायू पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. झोपण्यापूर्वी शेगडी खोलीबाहेर काढावी, गॅस गिझर न्हाणीघराबाहेर बसवावा आणि जनरेटर किंवा वाहनाचे इंजिन बंदिस्त जागेत सुरू ठेवू नये. शक्य असल्यास या वायूची सूचना देणारे यंत्र घरात बसवावे.