बाजारपेठेत जन्मलेला शब्द : ‘चीप’

व्यापारी कुटुंबांत वारंवार कानी पडणारे इंग्रजी विशेषण म्हणजे ‘चीप’. त्याचे मूळ बाजारातच आहे. लॅटिन भाषेत लहान दुकानदारास अथवा खानावळवाल्यास ‘कौपो’ म्हणत. त्यावरून आलेल्या जुन्या इंग्रजी शब्दाचा अर्थ होता व्यापार, सौदा. लंडनमधील मध्ययुगीन बाजाराची ‘चीपसाइड’ ही पेठ त्याचीच खूण होय. व्यापारी या अर्थाचा जर्मन शब्द ‘काउफमान’ही त्याच कुळातला. फायद्याच्या खरेदीस पूर्वी ‘गुड चीप’ म्हणत. १६ व्या शतकाच्या सुमारास त्यातील ‘गुड’ गळाले आणि नुसत्या ‘चीप’ला ‘स्वस्त’ हा अर्थ आला.

पुढे स्वस्ताईस हलकेपणा चिकटला. आज ‘चीप’ माल कमी किमतीचा असू शकतो, तसाच निकृष्टही. माणसास लावल्यास अर्थ होतो कंजूष वा क्षुद्र. म्हणून प्रतिशब्द निवडताना विवेक हवा. केवळ कमी किंमत सांगावयाची असल्यास ‘इनएक्स्पेन्सिव्ह’, भाव वाजवी असल्यास ‘रीझनेबल’, वापरात बचत होत असल्यास ‘इकॉनॉमिकल’. आणि माल खरोखरच सुमार असल्यास ‘शॉडी’.

दरपत्रकात ‘चीप’ लिहिणारा व्यापारी नकळत स्वतःच्याच मालाची पत उतरवतो. भाव पुन्हा चढतो. पत सहजासहजी चढत नाही.