तांड्यातला रुपया आणि तिबेटमधलं पोवळं

पुसद, दिग्रस, दारव्ह्याकडच्या दोस्तांनो, तुमच्या गावाजवळ बंजारा तांडा असेलच. तिथली एखादी म्हातारी याडी सणासुदीला नटली की नीट बघा. गळ्यात चांदीची जाड हांसली, केसांत घुगरी, माळेत जुने रुपये आणि कपड्यांवर शिवलेल्या कवड्या. आता सांगा, कवडी कुठे मिळते? समुद्रात! आणि यवतमाळपासून समुद्र किती लांब? तुम्हीच नकाशा काढून बघा.

अशीच गंमत तिबेटमध्येही आहे. तिबेटी लोक विदर्भाला काही परके नाहीत बरं का. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात त्यांची नॉर्ग्येलिंग नावाची वसाहत आहे, १९७२ सालापासूनची. त्यांच्या पारंपरिक दागिन्यांत चांदी असते, निळाहिरवा पिरोजा असतो आणि लालभडक पोवळी असतात. गळ्यात चांदीची नक्षीदार डबीही असते. तिला म्हणतात गाऊ. तिच्यात मंत्र लिहिलेला कागद ठेवतात.

पिरोजा हा दगड, चांदी हा धातू. मग पोवळं?

तो सांगाडा आहे! समुद्रतळाशी, अंधाऱ्या कपारींत, इवले इवले जीव वसाहत करून राहतात. प्रत्येकाच्या तोंडाभोवती आठ शुंडकं. वाहत आलेलं अन्न त्यांनी पकडायचं आणि पाण्यातलं कॅल्शियम घेऊन सगळ्यांनी मिळून एक फांदी बांधायची. जीव पांढरे आणि फांदी लाल, हे मला फार आवडतं. पण काम भलतंच सावकाश! फांदीची जाडी वर्षाला अर्धा मिलिमीटरसुद्धा वाढत नाही. म्हणजे एक सेंटिमीटर जाडीच्या मण्यासाठी वीस वर्षांहून जास्त काळ लागतो.

हिमालयाच्या जागी एकेकाळी समुद्र होता, हे तुम्ही वाचलं असेल. मग पोवळी तिथल्याच डोंगरांत सापडत असतील का? नाही हं. तिबेटमधली जुनी लाल पोवळी मुख्यतः युरोपजवळच्या भूमध्य समुद्रातली. इटलीच्या लिव्होर्नो बंदरातून ती जहाजांनी आपल्या गोव्यातही यायची आणि बदल्यात भारतातले हिरे तिकडे जायचे. तिबेटपर्यंतचा उरलेला रस्ता खेचरं, याक आणि माणसांच्या पायांचा. मार्को पोलोनेही लिहून ठेवलंय की तिबेटमध्ये बायकांच्या गळ्यात आणि देवांच्या मूर्तींवर पोवळी घालतात.

आता त्या रुपयाकडे वळू. व्हिक्टोरिया राणीचं चित्र असलेला रुपया साडेअकरा ग्रॅमहून थोडा जास्त भरायचा आणि त्यात बाराला अकरा भाग चांदी असायची. अगदी शुद्ध चांदी मऊ, लगेच वाकणारी, म्हणून थोडी भेसळ लागतेच. हाच रुपया तिबेटच्या बाजारातही चालायचा! तिथे तो इतका लाडका झाला की चीनच्या सिचुआन प्रांतात त्याच्यासारखंच नाणं पाडायला लागले. काही रुपये वितळवून तिकडे दागिनेही घडले. तांड्यातल्या माळेतला रुपया आणि ल्हासाच्या बाजारातला रुपया एकाच टांकसाळीतून निघालेले जुळे भाऊही असू शकतील.

चांदी काळी का पडते? हवेत गंधकाची संयुगं अगदी थोडी असतात. चांदीची आणि त्यांची गट्टी जमली की सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर तयार होतो. उकडलेल्या अंड्यातही गंधक असतं, म्हणून चांदीच्या चमच्याने अंडं खाल्लं की चमचा काळवंडतो.

पोवळं आणि कवडी मात्र कॅल्शियम कार्बोनेटची. वणीकडचा चुनखडक आहे ना, त्यातही मुख्य तेच! तोसुद्धा समुद्राच्या तळाशीच साचला, डायनोसॉर जन्मायच्या कितीतरी आधी. म्हणजे समुद्र यवतमाळला येऊन गेलाय, फक्त तेव्हा बघायला कुणी नव्हतं.

खात्री करायची? अंड्याच्या टरफलावर लिंबाचा रस टाका. बुडबुडे येतील. तो कार्बन डायऑक्साइड. पोवळ्यावर टाकला तरी तसंच होतं, पण ते करून बघू नका. वीस वर्षांची मेहनत आहे ती, आणि आजी रागावेल ते वेगळंच!