म्हाताऱ्या मांजराची रात्रपाळी

मांजर म्हातारं झालं की खडूस होतं, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. मला ते पटत नाही. उतारवयातल्या मांजराचा स्वभाव फिरला की आधी त्याचे सांधे, दात, रक्तदाब आणि थायरॉइड तपासावं. स्वभावाला दोष सगळ्यात शेवटी द्यावा.

वयाचा हिशेब उरकून टाकतो. १५ वर्षांचं मांजर माणसाच्या मापानं पंचाहत्तरीत. टेक्सासमधली क्रीम पफ १९६७ ते २००५ अशी ३८ वर्षं जगली, पण तो विक्रम.

आता सांधे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात बारा वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे पाहिले, तर नव्वदांमध्ये झीज सापडली. मांजर सहसा लंगडत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. माझ्या आत्याची मनी जमिनीवरून थेट ओट्यावर झेपावायची. पुढे ती आधी स्टुलावर चढायला लागली, मग ओट्याकडे नुसती बघत बसायला लागली. शेपटीच्या मुळाशी हात लागला की बोचकारायची. ‘तुसडी झालीय मेली,’ आत्या म्हणायची. शी-शूच्या ट्रेची कड ओलांडताना कंबर दुखते, म्हणून ती बाजूला फरशीवर बसायची. घरच्यांना तो मुद्दाम केलेला खोडसाळपणा वाटायचा.

पण मला खरी ओढ आहे ती रात्रीच्या ओरडण्याची. घर गाढ झोपलेलं असताना म्हातारं मांजर पॅसेजमध्ये उभं राहून लांबलचक, पोटातून हेल काढतं. भूक लागल्यावरचं म्यांव वेगळं, माजावरच्या भाटीचं वेगळं, हे तिसरंच. कधी थायरॉइड वाढलेलं असतं: मांजर बकाबका खातं, तरी वाळत जातं आणि त्याला चैन पडत नाही. कधी मूत्रपिंडं थकून रक्तदाब चढलेला असतो. त्यात डोळ्याचा पडदा सुटून ते एकाएकी आंधळंही होतं. बहिऱ्या मांजराला तर स्वतःचाच आवाज कळत नाही.

हे सगळं वगळूनही ओरडणं उरलं, तर तो स्मृतिभ्रंश असू शकतो. पंधरा वर्षांवरच्या निम्म्याहून अधिक मांजरांत वागण्यातला एखादा तरी बदल दिसतो. एडिंबरो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये २५ मृत मांजरांचे मेंदू तपासले. स्मृतिभ्रंश झालेल्यांमध्ये चेतापेशी एकमेकींना जिथे जोडल्या जातात तिथेच अमायलॉइड बीटा साचलेलं होतं. अल्झायमरमध्ये सापडतं तेच प्रथिन. शिवाय मेंदूतल्या आधारपेशी ते जोड गिळंकृत करताना दिसल्या. हे वाचल्यापासून भिंतीकडे तोंड करून उभं राहिलेलं मांजर पाहून मला हसू येत नाही.

यावर हमखास औषध नाही. रात्री मंद दिवा ठेवा, ट्रे कमी उंचीचा घ्या, ताटली आणि अंथरूण जागचं हलवू नका, आणि दिवाळीत फर्निचर फिरवायची हौस असेल तर तीही आवरा. दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल चुकूनही देऊ नका. मांजराच्या यकृताला ती पचवता येत नाही, अर्ध्या गोळीनंही जीव जातो. आणि दवाखान्यात जाताना रात्रीचा व्हिडिओ मोबाइलमध्ये घेऊन जा. कारण डॉक्टरांच्या टेबलावर हीच मांजरं अशी गुपचूप बसतात, की आपणच कांगावखोर ठरतो.