चोरीचें अवजार आणि हक्काचें अवजार

परीक्षेंत नक्कल करणाऱ्या मुलास वर्गाबाहेर उभें करण्याचें काम मीं चौतीस वर्षें निष्ठेनें केलें. सेवानिवृत्तीनंतर मात्र एके दिवशीं मला असें कळून आलें कीं, माझ्याच घरची चूल नक्कल केलेल्या मालावर पेटत आहे. ही घरगुती हकीकत वाचकांपुढें ठेवण्याचें कारण इतकेंच कीं, थोड्याफार फरकानें ती आज अनेक सुशिक्षित कुटुंबांची हकीकत आहे.

आमचें मांजरसुंबा हें बालाघाटच्या डोंगरांतील नाक्याचें गांव. धुळ्याहून सोलापुरास जाणारा महामार्ग आणि पाटोद्याहून केजेकडे जाणारा रस्ता येथें एकमेकांस छेदतात. जवळच श्रीमन्मथस्वामींचें कपिलधार असल्यामुळें कार्तिकी पौर्णिमेस यात्रेकरूंची दाटी होते. अशा ठिकाणीं माझ्या पुतण्यानें काढलेलें फोटोचें दुकान बरें चाललें, यांत नवल नाहीं. लग्नें, मुंजी, बारशीं, यात्रेंतले कुटुंबमेळे, सर्व कांहीं तो टिपतो व संगणकावर नीटनेटकें करून देतो.

सन २०२५ च्या ऑक्टोबरांत विंडोज १० या प्रणालीची नेहमींची मोफत डागडुजी बंद झाली. दुकानांतील संगणक जुना. नवी प्रणाली तो स्वीकारीना. नवा संगणक घेण्याचें बळ नव्हतें. तेव्हां बीडास शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याकडून पुतण्यानें लिनक्स ही मोफत मिळणारी प्रणाली बसवून घेतली. संगणक तरतरीत झाला, पण ज्यावर सारा धंदा अवलंबून तें फोटोशॉप त्यावर कांहीं केल्या बसेना.

मीं भाबडेपणानें म्हटलें, “अरे, पैसे मोजून घेतलेली वस्तु ना ती? पावती दाखव आणि विक्रेत्याकडून बसवून घे.”

पुतण्यानें मान खालीं घातली. “काका, पावती कसली? एका मित्राकडून पेनड्राइव्हवर उतरून घेतलेली प्रत ती. सगळे असेंच करतात.”

“सगळे असेंच करतात” हें वाक्य मीं परीक्षेच्या दिवसांत किती वेळां ऐकलें होतें! त्या दिवशीं मी त्याच्याशीं फारसें बोललों नाहीं. पण रात्रीं विचार करूं लागलों, तेव्हां आठवलें कीं, माझ्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचा खर्च ह्याच दुकानाच्या उत्पन्नांतून झाला होता. ज्या डोळ्यांनीं मी त्याच्याकडे रागानें पाहत होतों, ते डोळेहि त्या चोरीचे वाटेकरी होते. योगशास्त्रांत अस्तेय हा यमांपैकीं एक सांगितला आहे. तो मीं मुलांना शिकविला. घरांतल्या पेटींत काय आहे, हें मात्र कधीं विचारलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आम्ही दोघे विद्यार्थी होऊन बसलों. जें समजलें तें थोडक्यांत सांगतों.

फोटोशॉप हें नोल नांवाच्या दोघां अमेरिकन बंधूंचें अपत्य. तें अडोबी कंपनीनें १९९० सालीं बाजारांत आणलें. पूर्वी तें एकदां विकत घेतलें कीं कायमचें आपलें होई. २०१३ पासून कंपनीनें नव्या आवृत्त्या केवळ वर्गणीनें देण्याचें धोरण स्वीकारलें. वर्गणी थांबली कीं अवजार थांबलें. शिवाय संगणकावर बसवून घेण्याजोगें तें विंडोज व मॅक ह्यांसाठींच तयार होतें. लिनक्ससाठीं कंपनी तें काढीत नाहीं. दुसऱ्या प्रणालीचे कार्यक्रम लिनक्सवर चालविण्याचा ‘वाईन’ नांवाचा खटाटोप १९९३ पासून चालू आहे. पण त्यावर फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्या भरंवशानें चालतील, अशी खात्री धंदेवाल्यास देतां येत नाहीं.

लिनक्सची परंपरा निराळी. १९८३ सालीं रिचर्ड स्टॉलमन ह्यांनीं, ज्याची रचना कोणासहि वाचतां, सुधारतां व वांटतां येईल अशी मुक्त संगणकप्रणाली उभारण्याचा संकल्प जाहीर केला. १९९१ सालीं हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्यानें तिचा गाभा लिहिला, तोच लिनक्स. पुढें १९९५ सालीं अमेरिकेंतील बर्कली विद्यापीठांत स्पेन्सर किंबॉल व पीटर मॅटिस ह्या दोघां विद्यार्थ्यांनीं चित्रसंस्काराचें ‘गिंप’ हें साधन रचण्यास आरंभ केला आणि १९९६ सालीं तें सर्वांस मोकळें केलें. आपल्याकडे गुरुगृहीं विद्या मिळे, ती घेणाऱ्यानें पुढें द्यावी अशी अपेक्षा असे. ह्या मंडळींचा दंडक मला त्याच जातीचा वाटला. येथें प्रत उतरून घेणें हा अपराध नसून रीत आहे.

पण फुकट आहे म्हणून चांगलें, असें माझ्या पुतण्यानें मानलें नाहीं, आणि तें योग्यच होतें. परीक्षेसाठीं मीं आमच्या मातोश्रींचें एकुलतें एक छायाचित्र त्यास दिलें. त्यावर बुरशीचे डाग, आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत एक भेग. त्यानें तें यंत्रावर बारकाईनें टिपून घेतलें, मूळ प्रत बाजूस ठेवली व नकलेवर काम आरंभिलें. प्रथम छायाप्रकाश सांवरला. मग शेजारच्या शुद्ध भागाचें ठिगळ घेऊन भेग बुजविली. तिसऱ्या रात्रीं आई पूर्वीसारखी माझ्याकडे पाहूं लागली. गालावरचा तीळ त्यानें डाग समजून पुसला होता, तो मात्र मीं परत ठेवावयास लावला. फोटो सुधारावा, माणूस सुधारूं नये.

आतां उणीवा सांगणें प्राप्त आहे. छापखान्यास लागणाऱ्या चार शाईंच्या रंगपद्धतींत गिंपमध्यें आरंभापासून शेवटपर्यंत काम करतां येत नाहीं. त्या कामास ‘क्रिता’ हें दुसरें मुक्त साधन वापरावें लागतें. कॅमेऱ्यांतील कच्च्या चित्रांवर संस्कार करण्यास ‘डार्कटेबल’ उत्तम आहे, पण शिकण्यास अवघड. दुसऱ्यांनीं पाठविलेल्या फोटोशॉपच्या फायली गिंपमध्यें उघडतात, परंतु सर्व खुब्या जशाच्या तशा येत नाहींत. ह्या पायीं पुतण्याच्या हातचीं दोन लग्नांचीं कामें गेलीं. आल्बम रचणाऱ्या एका दुकानदारानें “आम्हांस नेहमींचीच फाईल लागते” म्हणून तीं परत पाठविलीं. त्या महिन्यांत घरांत काटकसर झाली. अस्तेयाची किंमत रोख द्यावी लागते, हें मी लपवीत नाहीं.

एक लाभ मात्र अनपेक्षित झाला. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत युनिकोड देवनागरी लिहिली तर जोडाक्षरें तुटत. म्हणून दुकानदार श्रीलिपीसारख्या निराळ्या व्यवस्था वापरीत. गिंपमध्यें ‘शुभमंगल’, ‘सौभाग्यकांक्षिणी’ हे शब्द जसे लिहावे तसेच उमटतात. माझ्यासारख्या शुद्धलेखनाच्या रोग्यास हें औषधच.

गिंपची तिसरी मोठी आवृत्ति २०२५ च्या मार्चांत निघाली. केलेला संस्कार पुढें केव्हांहि बदलतां यावा, ही धंदेवाल्यांची फार दिवसांची मागणी तिनें बऱ्याच अंशीं पुरविली. केरळांतील ‘जनयुगम्’ ह्या मल्याळम् दैनिकानें तर २०१९ सालीं आपली पृष्ठरचना मुक्त साधनांवर आणली. जेथें रोज रात्रीं ठराविक घटकेस अंक निघावा लागतो, तेथें हें साधलें. मग आमच्या नाक्यावर कां साधूं नये? शिकणाऱ्यांसाठीं मुंबईच्या आय. आय. टी. मधील ‘स्पोकन ट्युटोरियल’ ह्या उपक्रमानें मुक्त साधनांचे ध्वनिचित्रपाठ तयार केले आहेत. त्यांत गिंपचेहि आहेत.

वाचकांस माझें सांगणें दोन प्रकारचें आहे. ज्यांस घरच्या वडीलधाऱ्यांचे जीर्ण फोटो जपावयाचे आहेत, त्यांनीं आजच गिंप घ्यावें. त्यांस ह्याहून अधिक कांहीं लागणार नाहीं. ज्यांचें पोट ह्या कामावर आहे, त्यांनीं एक तर रीतसर वर्गणी भरावी, नाहीं तर मुक्त साधनें कष्टानें शिकावीं. तिसरा मार्ग सोपा आहे, पण तो आपला नव्हे. मोठ्या कंपन्यांनींहि लिनक्ससाठीं आपलीं साधनें काढावीं व लहान गांवांस परवडेल असा दर ठेवावा, ही आमची इच्छा आहेच. तसें झाल्यास पैसे देणाऱ्यांच्या रांगेंत माझा पुतण्या पुढें असेल.

परवां त्यानें मला एक कागद दाखविला. गिंपच्या कार्यास पाठविलेल्या लहानशा देणगीची ती पोंच होती. “काका,” तो म्हणाला, “तुम्ही पावती मागितली होती ना?” मीं चष्मा लावून ती दोनदां वाचली आणि आईच्या तसबिरीमागें जपून ठेवली.