आई-बाप असलेली अनाथ मुलं



हिवाळ्यात गावात कॉलेजचं शिबिर येतं, ते आपल्या ओळखीचं आहे. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ सालापासून चालू आहे. पोरंपोरी सात दिवस शाळेत मुक्कामाला असतात, गटारं साफ करतात, बांध घालतात, संध्याकाळी पारावर पथनाट्य करतात. पहिल्या दिवशी हंड्याला हात लावायला लाजणारी शहरातली पोरगी सातव्या दिवशी डोक्यावर घागर घेऊन चालते. जाताना रडते आणि आपल्यालाही दोन दिवस चुकल्यासारखं होतं.

आज आम्ही अशाच, पण देशाबाहेर जाणाऱ्या शिबिरांबद्दल सांगणार आहोत. अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया अशा देशांतले विद्यार्थी सुट्टीत दोन-तीन आठवड्यांसाठी नेपाळ, कंबोडिया, केनिया, होंडुरास अशा ठिकाणी सेवेला जातात. कुणी शाळेची भिंत बांधतं, कुणी इंग्रजी शिकवतं, कुणी अनाथाश्रमातल्या लेकरांशी खेळतं. या प्रवासासाठी ते पदरचे पैसे मोजतात, आणि ते जमवून देणाऱ्या कंपन्याही आहेत. गरिबी म्हणजे काय ते यातल्या बऱ्याच जणांना तिथेच पहिल्यांदा डोळ्यांनी दिसतं. पत्र्याचं घर, दहा घरांत एक नळ, अनवाणी मुलं. त्यांना वाईट वाटतं ते खोटं नसतं. आमचं म्हणणं एवढंच आहे की पाहुण्याला आपण दाखवू तेच दिसतं. आपल्याकडे तालुक्याचे साहेब यायचे असले की रस्त्याला मुरूम कसा पडतो, ते आठवा.

आधी थोडं भिंतीबद्दल. १९९८च्या ऑक्टोबरअखेर मध्य अमेरिकेत मिच नावाचं चक्रीवादळ आलं आणि होंडुरास देशात घरंच्या घरं वाहून गेली. ती परत बांधायला अमेरिकेहून स्वयंसेवकांचे गट आले. पुढे एका अभ्यासकाने हिशोब मांडला. गटाच्या प्रवासासकट एक घर सुमारे ३०,००० डॉलरला पडत होतं. तेच घर तिथल्या संस्था तिथल्याच माणसांकडून सुमारे २,००० डॉलरमध्ये बांधत होत्या. म्हणजे एका घराच्या पैशात पंधरा घरं उभी राहिली असती, आणि गावातल्या गवंड्याला आणि त्याच्या हाताखालच्या बाईला मजुरी मिळाली असती. रोजगार हमीवर काम केलेल्या बाईला हा हिशोब समजावून सांगायला नको.

अशी शंका नवी नाही. मेक्सिकोत राहणारे इव्हान इलिच नावाचे एक विचारवंत पाद्री होते. १९६८च्या एप्रिलमध्ये, सुट्टीत मेक्सिकोला सेवेला निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांसमोर त्यांनी भाषण केलं आणि त्यांना चांगलंच फटकारलं. तुम्हाला तिथली भाषा येत नाही, तिथल्या गरिबाला तुम्हाला तोंडावर नाही म्हणता येत नाही, मग ही मदत नक्की कुणाच्या कामाची, असा त्यांचा रोख होता. ज्यांनी बोलावलं त्यांच्याच तोंडावर असं बोलायचं म्हणजे धाडसच. पण भिंत वाकडी झाली तर पाडून परत बांधता येते. लेकरांचं तसं नाही. म्हणून आता नेपाळकडे जाऊ.

नेपाळच्या वायव्य टोकाला हुमला नावाचा जिल्हा आहे. उंच डोंगर, थोडी शेती, आणि त्या काळी गाडीचा रस्ता नाही. छोट्या विमानाने जायचं, नाहीतर दिवसच्या दिवस चालायचं. १९९६ ते २००६ नेपाळमध्ये यादवी युद्ध चाललं. माओवादी गावोगावी घरटी एक माणूस लढायला मागत, त्यात लहान मुलंही जात. शाळा बंद पडल्या. अशा वेळी गावात दलाल येई. तो ओळखीच्या भाषेत बोले. काठमांडूला चांगल्या बोर्डिंगात मुलाला ठेवतो, शिकवतो, लढाईपासून वाचवतो, म्हणे. त्यासाठी तो पैसे मागे. आई-बापांनी जमिनी विकल्या, कर्ज काढलं, आणि मूल त्याच्या हाती दिलं.

आपल्याकडे बीड, अहिल्यानगरच्या बाया उसाच्या तोडीला निघताना लेकराची शाळा बुडू नये म्हणून त्याला हंगामी वसतिगृहात किंवा आजीपाशी ठेवतात. त्या बाईला विचारा मूल मागे ठेवताना काय होतं. हुमलाच्या आईने मूल टाकलं नव्हतं. त्याचं भलं व्हावं म्हणून ती उपाशी राहायला तयार झाली होती. फरक एवढाच की आपली बाई सहा महिन्यांनी परत येते, तेव्हा मूल दारात असतं. हुमलाच्या बाईला पत्तासुद्धा माहीत नव्हता.

ही मुलं काठमांडूला पोचली. काही नुसती रस्त्यावर सोडून दिली गेली. काही अनाथाश्रमात गेली. तिथे आई-बाप मेल्याचे खोटे कागद तयार झाले, आणि कुणी विचारलं तर आम्ही अनाथ आहोत असं सांगायला मुलांना शिकवलं गेलं. हे का करायचं? कारण अनाथ मूल पाहायला परदेशी पाहुणा येतो, पैसे देतो, घरी जाऊन आणखी पाठवतो. नेपाळमधले बहुतेक अनाथाश्रम दुर्गम, गरीब जिल्ह्यांत नव्हते. काठमांडूचं खोरं, पोखरा, चितवन, म्हणजे जिथे पर्यटक जातात तिथेच त्यांची गर्दी होती. एवढ्या एका गोष्टीवरून काय ते कळतं. सगळेच आश्रम असे होते असं नाही, जिवापाड सांभाळणारेही आहेत. पण काही ठिकाणी मुलांना मुद्दाम फाटकं आणि अर्धपोटी ठेवलं जाई, कारण गुटगुटीत मूल पाहून कुणाचा हात खिशात जात नाही. २०१५च्या भूकंपाआधी नेपाळमध्ये सुमारे १५,००० मुलं अशा संस्थांत होती. युनिसेफ या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेच्या म्हणण्याप्रमाणे त्यातल्या शंभरातल्या पंच्याऐंशी मुलांचे आई किंवा वडील, निदान एक तरी, हयात होते.

कंबोडियातही हेच. तिथे २००५ ते २०१० या पाच वर्षांत अनाथाश्रम पाऊणपटीने वाढले. त्या काळात देशात युद्ध नव्हतं, की अनाथ मुलं एवढी वाढली नव्हती. वाढले होते ते पर्यटक.

यातून एक माणूस कसा शहाणा झाला ते सांगण्यासारखं आहे. कॉनर ग्रेनन हा अमेरिकन तरुण. विद्यार्थी नव्हे, नोकरी सोडून जगप्रवासाला निघालेला. नुसती मौज दिसू नये म्हणून आधी थोडी सेवा करावी, हे त्याने आपल्या पुस्तकात स्वतःच कबूल केलं आहे. २००४ साली तो काठमांडूजवळच्या गोदावरी गावात अठरा मुलांच्या एका आश्रमात राहिला. मुलं अनाथ आहेत असंच सगळे समजत होते. एके दिवशी एक बाई दारात आली. तिथल्या दोन भावांची ती आई होती. मग एकेक धागा सुटत गेला आणि मुलं हुमलाची, दलालाने आणलेली, हे उघड झालं. युद्ध थांबल्यावर २००६च्या अखेरीस तो मुलांचे फोटो घेऊन हुमलात गेला आणि गावोगाव चालत आई-बाप शोधत फिरला. ते सापडले. त्यासाठी त्याने संस्थाही काढली.

आम्हाला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते चालणं. आश्रमात राहून त्याने जी गरिबी पाहिली ती मांडून ठेवलेली होती. खरी गरिबी हुमलाच्या उंबरठ्यावर होती. शाळा नाही, रस्ता नाही, म्हणून मूल परक्याच्या हाती द्यावं लागतं, ही ती गरिबी. दोन आठवड्यांच्या सहलीत ती दिसत नाही, कारण सहल तिथवर जातच नाही.

आणखी एक गोष्ट पोरं सांभाळलेल्या कुठल्याही बाईला ठाऊक आहे. नवीन माणूस आलं की ही मुलं धावत जाऊन त्याला बिलगतात, मांडीवर बसतात. विद्यार्थ्यांना वाटतं, किती प्रेमळ लेकरं! आपल्या घरातलं तीन वर्षांचं मूल अनोळखी माणूस दिसला की आईच्या पदराआड लपतं. जे लपत नाही, त्याला पदरच नसतो. विद्यार्थी पंधरा दिवसांनी जातो, दुसरा येतो, तोही जातो. दर खेपेला त्या मुलाची कुणीतरी ताई, कुणीतरी दादा तुटतो.

आता जग थोडं जागं झालं आहे. २०१५च्या भूकंपानंतर नेपाळ सरकारने परवानगीशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यावर बंदी घातली. २०१८ साली ऑस्ट्रेलियात आधुनिक गुलामीविरुद्ध कायदा झाला, तेव्हा अनाथाश्रम भरण्यासाठी मुलं नेणं हा मुलांचा व्यापारच आहे, हेही मानलं गेलं. २०१९ साली संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनेही मुलांना कुटुंबातच आधार मिळावा असा ठराव केला.

मग विद्यार्थ्यांनी घरीच बसावं का? आम्हाला तसं वाटत नाही. आपल्याच नगर जिल्ह्यातल्या जामखेडचं उदाहरण घ्या. डॉक्टर रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० साली तिथे ग्रामीण आरोग्याचं काम सुरू केलं. तिथे परदेशातून विद्यार्थी येतात, पण शिकायला येतात. आणि त्यांना शिकवायला असतात गावातल्या आरोग्यसेविका. यातल्या कित्येक जणी कधी शाळेत गेलेल्या नाहीत. बाळंतपण, जुलाब, कुपोषण, जातीचा जाच, यांतून गाव कसं बाहेर काढलं ते त्या सांगतात आणि पाहुणा वहीत उतरवून घेतो. तुमच्या गावात शिबिर आलं तर काम काय करायचं ते गटाने, ग्रामसभेने ठरवावं, आणि शाळेतल्या, अंगणवाडीतल्या मुलांचे फोटो घेण्याआधी आयांना विचारायला लावावं. पाहुण्याला एवढं सांगण्यात उद्धटपणा नाही.

आणि दलाल फक्त हुमलातच येतो असं समजू नका. तुमच्या मुलाला शहरात फुकट शिकवतो असं कुणी म्हणालं, तर संस्थेचं नाव, पत्ता, नोंदणीचा कागद मागा. २०१५च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे बालगृहाला नोंदणी लागतेच. मुलाला भेटायला कधीही येता येईल का, हे विचारा, आणि मूल पाठवण्याआधी घरातल्या एकाने जाऊन ती जागा पाहून या. संशय आला तर १०९८ या नंबरवर फोन करा, पैसे पडत नाहीत. मुलांच्या प्रश्नासाठी जिल्ह्याला बाल कल्याण समिती असते, तिच्याकडेही जाता येतं. नवरा वारलेल्या किंवा एकट्या पडलेल्या बाईला मूल घरीच ठेवून वाढवता यावं म्हणून राज्याची बालसंगोपन योजना आहे. त्यात मुलासाठी दर महिन्याला ठरावीक रक्कम मिळते. अर्ज जिल्ह्याच्या महिला व बाल विकास कार्यालयात करायचा. गटात अशी कुणी असेल तर तिच्याबरोबर एक जण जा, एकटीला पाठवू नका.