वारं पडलं की

मेंढ्यांच्या नीलजिव्हा रोगाची, आता सगळे ज्याला ब्लू टंग म्हणतात त्याची, भारतातली पहिली नोंद १९६४ सालची आणि ती महाराष्ट्रातली. सप्रे नावाच्या पशुवैद्यकाने राज्यातल्या शेळ्यामेंढ्यांच्या साथीवर लेख लिहिला, तो छापूनही आला. २०२४ मध्ये त्याला साठ वर्षं झाली. कुणी समारंभ करावा अशी अपेक्षा नव्हती. ज्याचा पुतळा उभारता येत नाही त्याची साठी आपल्याकडे कुणी करत नाही. पण त्याच वर्षी पावसाच्या तोंडावर पशुपालकांची एक बैठक झाली. जुना माणूस म्हणून मलाही बोलावलं होतं. एका मेंढपाळाने विचारलं, चिलटांचं काय करायचं? व्यासपीठावरून उत्तर आलं, ‘गोठ्यात फवारणी करा.’ मेंढपाळाला गोठा असतो असं समजणारी पिढी आता खुर्चीवर आली आहे, एवढं त्या दिवशी कळलं. मग घरी येऊन जुन्या वह्या काढल्या.

आधी चिलटांबद्दल. डोळ्यांभोवती, जखमेवर, आंब्याच्या सालीवर घोंघावतात ती वेगळी. ती त्रास देतात, चावत नाहीत. मी म्हणतो ती क्युलिकॉइड्स, पंखांवर फिकट ठिपके असलेली, मोहरीच्या दाण्याएवढीही नसलेली. गावात कुणी त्यांना केमरं म्हणतो, कुणी घुंगुरटं. साध्या मच्छरदाणीच्या भोकातून ती आरपार जातात. जगात त्यांच्या तेराशेहून अधिक जाती आहेत. चावते ती फक्त मादी, कारण अंडी घालायला तिला रक्त लागतं. नर फुलातल्या मधावर भागवतो. डास आपली सोंड थेट रक्तवाहिनीत घालतो. चिलटाला ते साधत नाही. मादी दातेरी जबड्यांनी कातडी कापते, रक्त गोठू नये म्हणून लाळ सोडते आणि त्या चिरेत साचलेलं रक्त पिते. एवढ्याशा जिवाचा चावा म्हणूनच इतका झोंबतो. तिची वेळ म्हणजे दिवस मावळताना आणि उजाडायच्या आधी. जनावराच्या उच्छ्वासातल्या कर्बवायूचा आणि अंगाच्या वासाचा माग काढत ती येते. मेंढीच्या पाठीवर लोकर असते, म्हणून चावे बसतात ते तोंडावर, कानांवर, पोटाखाली, मांडीच्या आतल्या बाजूला. गाईला तसं आवरण नाही. काही जाती तिच्या पाठीवर बसतात, काही पोटाला धरतात. तीन-चार दिवसांत अंडी घालून झाली की पुन्हा भूक.

१९६४ नंतरची वीस वर्षं भराभर उरकण्यासारखीच आहेत. ही चिलटं रोग वाहतात हे दक्षिण आफ्रिकेत ओंडरस्टेपुर्टच्या संस्थेतल्या डु टॉइट यांनी १९४४ मध्येच दाखवून दिलं होतं. १९६० च्या सुमारास घोड्यांचा आफ्रिकन रोग आपल्याकडे शिरला, हजारो घोडी आणि खेचरं मेली, त्यामागेही हाच कीटक. तरी आपलं सगळं लक्ष डासांवर, आणि ते समजण्यासारखं होतं. माणसं हिवतापाने मरत होती. घराच्या भिंतींवर डीडीटी मारली जायची. चिलटं बाहेर, ओढ्याकाठच्या झुडपात. मग बहात्तरचा दुष्काळ आला आणि चिलटांचा विचार करायला कुणाला उसंत राहिली नाही.

माझं दशक म्हणजे ऐंशीचं. नव्या नोकरीत माण तालुक्याच्या पट्ट्यात पडलो. पाऊस जेमतेम, माळ उघडा, गावागावात धनगरांची वस्ती. दिवाळी झाली की वाडे घोड्यांवर बिऱ्हाड लादून खाली निघायचे आणि पावसाच्या आधी परतायचे. पावसाळ्यात मेंढरं घराजवळच्या माळावर. नीलजिव्हेचा हंगाम भाद्रपदापासून कार्तिकापर्यंतचा, म्हणजे ती माझ्या हद्दीत असतानाचाच. मेंढी आधी चरायची थांबते. अंगाला हात लावला तर भाजतं, थर्मामीटर एकशे सहाच्या वर. ओठ सुजतात, तोंडाला फेस, नाकपुड्यांवर खपल्या. खुराच्या वर, केस संपतात तिथे, एक तांबडा पट्टा दिसतो आणि जनावर पाय धरतं. जीभ निळी पडलेली फार थोड्यांची पाहिली. नाव देणाऱ्याने अपवादावरून दिलं असावं. पायामुळे लोक लाळ्या-खुरकूत म्हणायचे, तोंडामुळे मावा. दोन्ही नव्हे हे सांगायला खूर उचलून तो पट्टा दाखवावा लागायचा.

तिथल्या एका वाड्यावर एक म्हातारी होती, सगळा वाडा तिच्या शब्दाबाहेर नसायचा. तिने मला पहिल्याच पावसाळ्यात बजावलं, ‘डाक्टर, ह्यो रोग पाण्याचा न्हाय, पडल्या वाऱ्याचा हाय.’ संध्याकाळी वाघर कुठे लावायची हे ती ठरवायची. ओढ्याच्या कडेला हिरवा चारा असला तरी मेंढरं तिथे बसवायची नाहीत. उंच टेकाड, जिथे वारं लागतं, तिथेच. वारं पडलं की घमेल्यात गोवऱ्या पेटवून वर लिंबाचा ओला पाला टाकायचा, धूर कळपावरून जाईल अशा बाजूला घमेलं सरकवत राहायचं. घोडीला मात्र ती वेगळं बांधायची, धुराच्या अगदी जवळ. त्या घोडीची आयाळ झडलेली होती, शेपटीचं मूळ खाजवून खाजवून सोलवटलेलं. घोड्याला चिलटाच्या लाळेची ॲलर्जी होते. म्हातारीला ॲलर्जी हा शब्द ठाऊक नव्हता. सूर्य कलला की घोडीची कातडी थरथरायला लागते, एवढं तिने पाहिलेलं होतं आणि त्यावरून ती धुराची वेळ ठरवायची. घोडीच्या अंगाला करंजाचं तेल.

चिलट दुबळं उडणारं. वारा ताशी दहा-अकरा किलोमीटरच्या वर गेला की बहुतेक चिलटं उडायचं सोडून पानाखाली बसून राहतात. हे मी पुढे पुस्तकात वाचलं. माळावरच्या बाईने वाघर त्याच हिशेबाने लावली होती. धुराने चिलटं मरत नाहीत, पण चावायला कमी बसतात, असा तिचा अनुभव होता आणि मला तो खोडून काढावासा कधी वाटला नाही.

याच काळात वरून योजना आली: मेंढपाळांना विदेशी रक्ताचे नर द्यायचे. मेरिनो, रॅम्बुले. लोकर तलम होईल, वजन वाढेल. घोंगड्या विणणाऱ्या सनगरांना तलम लोकर हवी होती का, हे कुणी विचारलं नाही. विदेशी आणि संकरित मेंढ्यांना नीलजिव्हा जास्त जोरात होते, हे तेव्हाही अज्ञात नव्हतं. दख्खनी मेंढीही आजारी पडायची, पण त्यातली बरीच उठायची. ते नर पहिल्या-दुसऱ्या भाद्रपदात तोंड सुजून, मान वाकडी होऊन मेले. मी कागदावर नीलजिव्हेचा संशय लिहिला. वरिष्ठांनी बोलावून घेतलं आणि ‘न्युमोनिया लिहा’ म्हणाले. नीलजिव्हा लिहिलं की वर कळवावं लागतं, नमुने घ्यावे लागतात, योजनेवर बोट येतं. न्युमोनिया कुणाच्या अंगाला लागत नाही. मी नमुने घेऊन थर्मासमध्ये बर्फ घालून एसटीने पुण्याला पाठवले. पोचेस्तोवर बर्फाचं पाणी झालेलं. वार्षिक अहवालात मरतुकीचं कारण म्हणून ‘मेंढपाळांचे अज्ञान व अस्वच्छता’ असं वाक्य होतं. ते सद्गृहस्थ मोठ्या पदावरून निवृत्त झाले, सत्कारही झाला. शाल मात्र देशी लोकरीची होती म्हणे.

एक गोष्ट त्या दशकात डोळ्यांसमोर असून कुणी जोडली नाही. त्याच दिवसांत गावातल्या गाईबैलांना तिवा व्हायचा: ताप, एक पाय लंगडा, दूध आटलेलं, तीन दिवसांत जनावर उठून उभं. तिव्याच्या फैलावातही डासांबरोबर चिलटांचं नाव घेतात. पण गाईची नोंद एका वहीत, मेंढीची दुसऱ्या वहीत. नीलजिव्हेचा विषाणू गाईच्या अंगातही शिरतो, फक्त गाय बहुधा आजारी दिसत नाही; तिच्या रक्तात तो काही आठवडे, कधी दीडदोन महिनेही टिकतो. चिलटांच्या बऱ्याच जातींना मेंढीपेक्षा गाय जास्त आवडते. एका घासाबरोबर विषाणू पोटात गेला की उष्ण हवेत आठवडा-दहा दिवसांनी चिलट तो दुसऱ्याला द्यायला तयार होतं. त्याचं आयुष्यच दोन-तीन आठवड्यांचं. म्हणजे रोग पसरवायला ते आणखी दोन-तीन जेवणांपुरतं जगलं पाहिजे. सगळा खेळ कोण कुणाला किती दिवसांनी चावतं यावर. आणि आमच्या त्या पट्ट्यात नेमकं हेच कुणी पाहिलं नाही.

पाहता आलं असतं. ऑस्ट्रेलियात डाइस यांनी १९६९ मध्येच दाखवलं होतं की एकदा अंडी घातलेल्या मादीच्या पोटाला आतून तांबूस-जांभळट रंग येतो. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली कळतं की ही आधी जेवून आलेली आहे, म्हणजे धोक्याची आहे. अशा किती सापडतात हे मोजायला फार पैसा लागत नव्हता. आपल्याकडे चिलटांचं काम झालं ते पुष्कळसं दिव्याच्या सापळ्यावर: रात्री दिवा, खाली पंखा, सकाळी बाटलीत काय पडलं ते मोजा. दिव्यावर कोण येतं ते त्यातून कळतं. मेंढीवर कोण बसतं ते कळत नाही. दोन्हींत फरक आहे, आणि पोट भरलेली मादी दिव्याकडे फारशी फिरकत नाही.

नव्वदीनंतर मी पट्टा सोडला. त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं थोडं. १९९७ मध्ये बीएचसी पावडरीवर बंदी आली. गुरांच्या अंगावर ती पांढरी भुकटी चोळणारे हात थांबले ते बरंच झालं. मग २००६ मध्ये नीलजिव्हा नेदरलँड्स, बेल्जियम, जर्मनीत पोचली, आणि एकदम जगाला चिलटं दिसायला लागली. त्यांच्या थंड प्रदेशातल्या स्थानिक चिलटांनीच तो रोग उचलला होता. दोन वर्षांत लस, पाठोपाठ सापळ्यांचं जाळं, रक्ताने फुगलेल्या पोटातून डीएनए काढून कुणाचं रक्त आहे त्याची तपासणी. आमच्याकडे तो रोग तोवर चार दशकं मुक्कामाला होता. मेंढी युरोपातली मेली की कीटकशास्त्र पुढे जातं. माणमधली मेली की पंचनामा. आपल्याकडे पाच प्रकारांविरुद्धची लस गेल्या दशकाच्या मध्यावर आली, ती आपल्याच लोकांनी केली आणि चांगली केली. पण विषाणूचे आपल्याकडे सापडलेले प्रकार पाचाहून कितीतरी जास्त. आणि ती पावसाच्या आधी टोचायला हवी, हे वेळापत्रक करणाऱ्याला कुणीतरी सांगायला पाहिजे.

मग लंपी. २०१९ मध्ये ओडिशातून देशात आलेला तो चर्मरोग २०२२ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर गेला. गुरांचे बाजार बंद झाले, शर्यती थांबल्या. तेव्हा गावोगावी पत्रकं लागली: डास, माशा, गोचीड यांपासून जनावरं वाचवा. चिलटांचा उल्लेख कुठे शेवटी, कुठे नाहीच. धुरी करा असंही काही ठिकाणी लिहिलं होतं. वाचून हसू आलं, कारण तोवर गोवऱ्या करणारी घरंच उरली नव्हती.

दरम्यान माण बदलला. उरमोडीचं पाणी आलं, जिहे-कठापूरचं आलं. या पाण्यासाठी आमच्या बापजाद्यांनी वाट पाहिली, त्याबद्दल तक्रार करणारा मी कोण? पण चाऱ्या पाझरतात. जिथे वैशाखात धूळ उडायची तिथे आता बारमाही चिखल, त्यात गुरांचं मूतशेण मिसळलेलं. चिलटाच्या अळीला यापेक्षा बरं काही लागत नाही. काही जाती तर शेणाच्या ताज्या पोवातच अंडी घालतात. उसाच्या आत वारा शिरत नाही. माळ तुकड्यातुकड्याने विकला गेला, टेकाडांवर वाघर लावायला मज्जाव. वाडे कमी झाले, पोरं शाळेसाठी एका जागी राहिली, आणि मेंढरं गाईंच्या शेजारी पत्र्याखाली आली. म्हातारीने जे जे टाळलं होतं ते सगळं एका छपराखाली जमलं आहे. चिलटांचा हंगाम लांबला असं लोक सांगतात. मोजलेलं कुणी दाखवत नाही.

म्हातारीच्या नातवाकडे गेल्या कार्तिकात गेलो होतो. काही मेंढ्या तोंड सुजून गेल्या होत्या. मी गाई वेगळ्या बांध म्हणालो. तो म्हणाला, ‘डॉक्टर, मेंढरं वर्सातनं दोनदा पैसं देत्यात. गाय दर दहा दिसाला देती.’ मग मलाच विचारतो, गाय शेजारी आहे म्हणून चिलटं मेंढराला कमी चावत असतील की नाही? प्रश्न खुळा नव्हता. दक्षिण आफ्रिकेत मेंढ्या वाचवायला जवळ गुरं ठेवून पाहण्याचे प्रयोग झालेले आहेत, चावे गुरांनी घ्यावेत म्हणून. पण तीच गाय विषाणूचं कोठारही होते. त्याच्या छपराखाली ती यातलं काय आहे हे ठरवायला तिथली चिलटं पकडून त्यांच्या पोटातलं रक्त तपासावं लागेल. पुण्यात आज हे कितीतरी प्रयोगशाळांना सहज जमेल. अजून त्या छपराखाली कुणी बाटली घेऊन आलेलं नाही.

छपरात एक मोठा पंखा फिरत होता. संकरित गाईला उकाडा सोसत नाही म्हणून तो लावलेला. त्याच्या झोतात एकही चिलट टिकणार नाही, असं मी त्याला सांगितलं. मेंढरं पलीकडच्या कोपऱ्यात होती, शेडनेटच्या आड, जिथे झोत पोचत नव्हता. दुसरा पंखा केवढ्याला पडतो ते त्याला तोंडपाठ होतं. म्हणाला, बसवतो की. बिल तुमच्या खात्यातनं भरता का?