रात्र झाल्याची वर्दी

बंगळूरच्या हेब्बाळहून एका वाचकांनी विचारलं आहे: ‘धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. रात्रभर जागतो, दुपारी झोपतो. मेलाटोनिनच्या गोळ्यांनी झोपेबरोबर आजारही आटोक्यात येईल का?’

आजार आटोक्यात येणार नाही. झोपेसाठी गोळी द्यायची की नाही, हे त्याच्या डॉक्टरांनीच ठरवायला हवं. पण या प्रश्नामागची आशा जुनी आहे. 1957मध्ये अमेरिकेतल्या मार्क आल्टशूल यांनी जुनाट स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना गुरांच्या मेंदूतल्या पिनिअल ग्रंथीचा अर्क दिला होता. मेलाटोनिन हे नावही तेव्हा जन्मलं नव्हतं. ते संप्रेरक पुढच्या वर्षी त्याच ग्रंथीतून वेगळं काढलं येलच्या आरन लर्नर या त्वचारोगतज्ज्ञाने, आणि तो शोधत होता कोडावरचा इलाज! पिनिअलच्या अर्काने बेडूकपिल्लांची कातडी फिकी पडते, हे 1917पासून माहीत होतं. त्या धाग्यावरून तो निघाला होता.

मेलाटोनिनला झोपेची गोळी समजतात. पण उंदरांच्या रक्तातही ते रात्रीच वाढतं, आणि उंदीर तर रात्री जागे असतात. देवळातल्या शेजारतीसारखं त्याचं काम: दिवस संपल्याची वर्दी द्यायची, मग ज्याने त्याने आपापल्या कामाला लागायचं. घंटा जोरात बडवली म्हणून झोप गाढ लागत नाही. ही वर्दी जाते तो रस्ताही अजब आहे. डोळ्यांतून आलेली उजेडाची खबर मेंदूतल्या घड्याळापाशी पोचते, तिथून पाठीच्या कण्यात उतरते आणि मानेतल्या मज्जागंडावरून पुन्हा वर, पिनिअलपर्यंत चढते.

स्किझोफ्रेनियात ही वर्दी क्षीण होते का? नेपल्सच्या पालमिएरो मोंतेलेओने यांना औषधं न घेणाऱ्या रुग्णांतही रात्रीचं मेलाटोनिन कमी आढळलं, आणि नंतर औषधं सुरू केल्यावरही ते वाढलं नाही. पण अशा मोजमापांत खाचखळगे फार. रात्री दिवे चालू असतील तर मेलाटोनिन दबतं. औषधांनी येणारी अस्वस्थ येरझार थांबवायला प्रोप्रानोलोल देतात, तेही मेलाटोनिन घटवतं. म्हणून ‘मेलाटोनिन कमी, म्हणून आजार’ असं छापणाऱ्या मथळ्यांवर माझा विश्वास नाही.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते घड्याळ. 2012मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 20 रुग्णांची झोप तपासली. निम्म्यांचं घड्याळ बाहेरच्या दिवसरात्रीशी फारच विसंगत चालत होतं. तुलनेसाठी घेतलेली निरोगी माणसंही बेकारच होती, तरी त्यांचं घड्याळ जागेवर होतं. म्हणजे ‘कामधंदा नाही म्हणून’ एवढ्यावर भागत नाही.

इथे मला जैविक घड्याळांचे अभ्यासक एम. के. चंद्रशेखरन आठवतात. त्यांचं नाव आपल्याकडे फारच थोड्यांना माहीत आहे, याचं वाईट वाटतं. मदुराईजवळच्या अंधाऱ्या गुहेत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी वटवाघळं पिंजऱ्यात ठेवली. उजेडाचा कवडसाही नाही. तरी गुहेतली इतर वटवाघळं रोज बाहेर पडत आणि परतत, तेवढ्यावर कैद्यांचं घड्याळ बरोबर चालायचं. रिकाम्या गुहेत मात्र ते भरकटायचं. हा शोधनिबंध 1981चा. पुढे ते हेब्बाळच्या पलीकडे, जक्कूरच्या जवाहरलाल नेहरू केंद्रात आले. वटवाघळांवरून माणसाचं निदान करता येत नाही, हे मान्य. पण हा आजार अनेकदा आधी माणसाची सोबतच तोडतो. म्हणून या वाचकांना मी सांगेन: डॉक्टरांच्या औषधांना हात न लावता, सकाळी उठल्यावर भावाला उजेडात न्या, रोज ठरल्या वेळी, आणि एकट्याला पाठवू नका.

हेब्बाळजवळच जीकेव्हीके या कृषी विद्यापीठाच्या आवारातलं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेबरोबर अशा घरांचा अभ्यास करतं, जिथे एकाहून अधिक जणांना मनोविकार आहेत. त्यांच्या रक्तपेशींपासून मूलपेशी आणि मूलपेशींपासून चेतापेशी घडवतात. एका छताखालच्या आजारी आणि निरोगी भावंडांची लाळ मंद उजेडात, संध्याकाळपासून तासातासाने घेऊन, तिच्यातल्या मेलाटोनिनवरून कोणाची वर्दी किती वाजता सुरू होते, हे अशा घरांत कुणीतरी मोजावं, असं मला फार वाटतं.